विश्वाला आदिकारण लागतंच का?

पूर्वपक्षी (धागालेखक)

"सुरुवात झाली म्हणजे करणारा हवा" आणि "मग करणाऱ्याला कुणी केलं?" या दोन वाक्यांच्या टोलवाटोलवीत या विषयावरची बहुतेक चर्चा संपते. दुसऱ्या वाक्याला टाळ्या पडतात, पण आदिकारणवादी ज्या रूपात युक्तिवाद मांडतात त्याला ते लागूच पडत नाही. म्हणून आधी तीन युक्तिवाद सुटे करतो. प्रतिसाद देताना आपण कोणत्याबद्दल बोलतोय ते कृपया लिहा.

कलाम (मध्ययुगीन इस्लामी धर्मचिंतनाच्या परंपरेवरून पडलेलं नाव): ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं, विश्वाला आरंभ आहे, म्हणून विश्वाला कारण आहे. सहाव्या शतकात फिलोपोनसने अनादी जगाच्या कल्पनेवर हल्ला चढवला, गझालीने (मृत्यू ११११) युक्तिवादाला धार आणली आणि १९७९ मध्ये विल्यम लेन क्रेग यांनी त्याला आजचं रूप दिलं. पहिलं विधान "प्रत्येक गोष्टीला कारण असतं" असं नाही, "आरंभ असलेल्या गोष्टीला" असं आहे. म्हणून "देवाला कुणी केलं" हा बाण बाजूने जातो. ही अट सोयीपुरती घातली आहे असं म्हणायचं तर म्हणा, पण मग ते दाखवून द्यावं लागेल.

अ‍ॅक्वायनसचा: हा काळात मागे जातच नाही. हात काठी ढकलतो, काठी दगड ढकलते. हात थांबला की दगडही थांबतो. आत्ता, याच क्षणी एकमेकांवर टेकलेल्या अशा साखळीला स्वतःच्या बळावर उभं असलेलं टोक लागतं, एवढंच त्याचं म्हणणं. आजोबा-वडील-मुलगा ही साखळी निराळी. आजोबा गेल्यावरही वडिलांना मुलगा होऊ शकतो. ही दुसऱ्या जातीची साखळी मागे अनंत असायला अ‍ॅक्वायनसची तात्त्विक हरकत नव्हती. जगाला आरंभ आहे हे बुद्धीने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेने मानायचं, असं त्याने स्पष्ट लिहिलं आहे. अ‍ॅरिस्टॉटल तर जग अनादी मानूनच 'अचल चालक' मांडतो.

लायबनित्सचा: साखळी अनंत असू दे, ती सगळीच्या सगळी हीच का, दुसरी का नाही, आणि मुळात काहीच नाही असं का नाही?

महास्फोटाचा संबंध फक्त पहिल्याशी आहे. आणि माझ्या मते तिघांत सर्वात कच्चा तोच. पहिला क्षण आणि पहिलं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असून दुसरी नसू शकते. कलाम त्या एकत्र बांधतो.

घटपट

शेवटच्या मुद्द्याला आपल्याकडचा भक्कम दाखला आहे. न्यायदर्शन ईश्वर सिद्ध करते, पण पहिला क्षण मानत नाही. उदयनाचार्यांच्या (दहावे शतक) परंपरेतले अनुमान थोडक्यात असे: क्षित्यंकुरादिकं कर्तृजन्यं, कार्यत्वात्, घटवत्. पृथ्वी, अंकुर वगैरे कर्त्याने केलेले आहेत, कारण ते कार्य आहेत, घटासारखे. मात्र परमाणू नित्य, जीव नित्य, आणि सृष्टी-प्रलयाचा क्रम अनादी. ईश्वर हे निमित्तकारण, म्हणजे मातीला आकार देणाऱ्या कुंभारासारखे. शून्यातून काही काढणे हे त्याचे काम नाहीच.

हे अनुमान कुठे अडते तेही पाहा. पहिला आक्षेप उपाधीचा, म्हणजे अनुमानात लपलेल्या जादा अटीचा. घटाला कर्ता असतो हे खरे, पण तो शरीरधारी कर्ता असतो. म्हणजे 'कर्ता असणे' हे 'शरीराकडून निर्माण होणे' याच्याशी बांधलेले आहे, नुसत्या 'कार्य असणे' याच्याशी नाही. अंकुर कार्य आहे, पण त्याला घडवणारे हात दिसत नाहीत. नैय्यायिकांचे उत्तर: "शरीराने जन्मलेले नाही, म्हणून कर्त्याने केलेले नाही" या प्रतिअनुमानात 'शरीर' हे विशेषण व्यर्थ आहे. कर्ता नाही हे दाखवायला नुसते 'अजन्य' (कशापासूनच न जन्मलेले) म्हणणे पुरते, आणि अंकुर अजन्य आहे असे तर कुणीच म्हणत नाही.

तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर चपखल आहे. पटते का, हा वेगळा भाग.

दुसरा आक्षेप धर्मकीर्तीचा, आणि तो मला अधिक जड वाटतो. माणसाने घडवलेल्या वस्तूंचा एक विशिष्ट आकार पाहून आपण कर्त्याचे अनुमान करतो. डोंगराला 'आकार' आहे म्हणून त्यालाही कर्ता, असे म्हणायचे तर वारूळही मातीचेच असल्यामुळे कुंभाराने केले असे म्हणावे लागेल. शब्द एक असला तरी हेतू (अनुमानाचा आधार) एक नाही.

चौथी_मिती

महास्फोटाबद्दल दोन्ही बाजू जे गृहीत धरतात ते सिद्धांत सांगतच नाही. निरीक्षणांनी पक्कं झालेलं एवढंच: सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त, दाट आणि जवळपास एकसारखं होतं, आणि तेव्हापासून ते प्रसरण पावतंय. त्यानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आज २.७२५ केल्विनच्या सूक्ष्मलहरींच्या रूपात मिळतो. १९६५ साली त्याचा शोध जाहीर झाला. त्याहून मागे, हलकी मूलद्रव्यं तयार झाली त्या पहिल्या काही मिनिटांपर्यंत, हिशेब नीट जुळतो. शून्य सेकंदापर्यंत मात्र कुणीही पोचलेलं नाही. १०⁻⁴³ सेकंदाच्या आसपास सामान्य सापेक्षता एकटी पुरत नाही आणि पुंज-गुरुत्वाचा (क्वांटम ग्रॅव्हिटीचा) सर्वमान्य सिद्धांत हातात नाही.

"पण विलक्षणता प्रमेयं (अवकाशकाळाचं वर्णन कुठेतरी तुटतंच असं सांगणारी) आहेत ना?" आहेत. पेनरोज १९६५, हॉकिंग-पेनरोज १९७०. प्रमेय वापरताना आधी अटी वाचायच्या. हॉकिंग-पेनरोजमध्ये एक अट अशी की गुरुत्व सर्वत्र आकर्षकच राहील. स्फीतीच्या (अगदी सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणाच्या) काळात नेमकी हीच अट मोडते. म्हणून ते प्रमेय तिथे निमूटपणे लावता येत नाही.

मग क्रेग बोर्ड-गूथ-विलेंकिन प्रमेयाकडे (२००३) येतात. यात ऊर्जेची अट नाही, हे त्याचं बळ. एकच अट: एखाद्या मार्गावर भूतकाळात सरासरी प्रसरणाचा दर शून्यापेक्षा जास्त असेल, तर तो मार्ग मागे अनंत लांबवता येत नाही. निष्कर्ष इतकाच की अशा अभिजात (पुंजपरिणाम न धरलेल्या) अवकाशकाळाचं वर्णन मागे कुठेतरी अपुरं पडतं. त्या कडेपलीकडे काय आहे ते प्रमेय सांगत नाही. तिथे आधी आकुंचन पावणारा टप्पा असू शकतो, पुंजस्थिती असू शकते, खराखुरा आरंभही असू शकतो. प्रमेयाचे कर्तेसुद्धा याबाबत एकमताचे नाहीत. विलेंकिन आरंभाकडे झुकतात. गूथ यांचं मत २०१४ च्या जाहीर वादात भौतिकशास्त्रज्ञ शॉन कॅरोल यांनी क्रेगसमोरच दाखवलं होतं: विश्व बहुधा अनादी असावं, पण कुणालाच ठाऊक नाही.

चक्रीय विश्व म्हणजे फुकटची सुटका, असंही नाही. टोलमनने १९३०च्या दशकात दाखवलं की प्रत्येक चक्रात एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) वाढते आणि पुढचं चक्र मोठं होतं. उलट मागे गेलात की चक्रं लहान लहान होत जातात, आणि अनादीपणा हातचा जातो. स्टाइनहार्ट-ट्युरॉक यांनी (२००२) चक्रागणिक भरपूर प्रसरण घालून एन्ट्रॉपी विरळ केली, पण मग सरासरी प्रसरण धन झालं आणि २००३ चं प्रमेय परत मानेवर बसलं. एक भोक बुजवलं की दुसरं उघडतं. या क्षेत्रातला बहुतेक व्यवहार असाच चालतो.

उत्तररात्र

नारळीकरांचा उल्लेख अजून कसा नाही? हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये स्थिरवत विश्वाचं प्रतिमान मांडलं ना? त्यात आरंभ नाहीच.

चौथी_मिती

बरोबर, आणि त्यामागची तक्रार तात्त्विकदृष्ट्या रास्त होती: सगळं द्रव्य एकाच क्षणी, भौतिकीच्या नियमांच्या हद्दीबाहेर अवतरतं असं का मानायचं? त्याऐवजी ऋण ऊर्जेच्या 'सी-क्षेत्रा'मार्फत द्रव्यनिर्मिती ही सतत घडणारी, समीकरणात बसणारी प्रक्रिया करायची. दीर्घकालीन प्रसरण आणि त्यावर आंदोलनं, अशी रचना. अडचण निरीक्षणांत आली. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी ही ताऱ्यांचा प्रकाश धातूच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून परत सोडल्यामुळे तयार होते, असं त्यांना मानावं लागलं. त्या प्रारणातल्या चढउतारांचा तपशीलवार आलेख तप्त आरंभीच्या प्रतिमानातून जितका नेमका निघतो तितका यातून निघत नाही. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ते सोडलं ते या कारणाने. आरंभ नको होता की हवा होता, हा प्रश्न तिथे आला नाही.

अवांतर: उलट्या बाजूचंही उदाहरण आहे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी महास्फोटात सृष्टीनिर्मितीला दुजोरा शोधला, तेव्हा खुद्द लमेत्र (महास्फोट कल्पनेचे एक जनक, जे स्वतः धर्मगुरू होते) नाराज झाले. आपला सिद्धांत त्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे, ही त्यांची भूमिका.

हेत्वाभास

कलामच्या दुसऱ्या विधानावर इतका वेळ कशाला? पहिलंच पडतं की. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. पण एक विशिष्ट केंद्रक आज का फुटलं आणि काल का नाही, याला कारण नाही. कारणाशिवाय घटना रोज घडतात. ट्रायॉन यांनी १९७३ मध्येच सुचवलं की अख्खं विश्व निर्वातातली चढउतार असू शकेल, एकूण ऊर्जा शून्य. विषय संपला.

पूर्वपक्षी

इतक्या लवकर नाही. तीन ठिकाणी घाई झाली आहे.

केंद्रक कधी फुटेल याला पुरेसं कारण नसेल, तरी ते फुटायला अस्थिर केंद्रक लागतं, नियम लागतात. कलामवाल्याला "काहीच नसताना काही उद्भवलं" याचं उदाहरण हवंय, "अनिश्चित वेळी उद्भवलं" याचं नव्हे.

दुसरं, पुंजभौतिकी कारणहीन आहे हे एक भाष्य आहे. बोमचा १९५२ चा सिद्धांत पूर्ण नियतिवादी आहे आणि तेच निकाल देतो. बेल असमानतेचे प्रयोग (ज्यांना २०२२ चं नोबेल मिळालं) फक्त स्थानिक छुपे घटक (दूरच्या गोष्टीचा तत्काळ परिणाम न होणारे) बाद करतात. बोमचे घटक स्थानिक नाहीत, त्यामुळे ते शाबूत राहतात.

तिसरं, निर्वात म्हणजे अभाव नव्हे. पुंजक्षेत्र, त्याची किमान ऊर्जेची अवस्था, अवकाशकाळ, एवढा संसार तिथे आधीच मांडलेला असतो. विश्व शून्यातून आलं असं मांडणाऱ्या लॉरेन्स क्राउस यांच्या २०१२ च्या पुस्तकावर तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट यांनी घेतलेला मुख्य आक्षेप हाच. 'एकूण ऊर्जा शून्य'बद्दलही जपून: सामान्य सापेक्षतेत अख्ख्या विश्वाच्या ऊर्जेची सर्वसाधारण व्याख्याच होत नाही, काही खास परिस्थितीत होते.

पहिलं विधान पाडायचं असेल तर दुसरीकडून घाव घाला. विश्वाच्या आत गोष्टी आधीच्या द्रव्यातून, नियमांनुसार, काळात घडतात. त्या अनुभवावरून काढलेला नियम खुद्द काळाच्या आरंभाला लावण्याचा परवाना कुठून आला? ह्यूम आणि कांट यांचा रोख इथे आहे, आणि याला कलामकडे "ते उघड आहे" यापलीकडे फारसं उत्तर नाही.

उत्तररात्र

पण भूतकाळ अनंत असेल तर आजचा दिवस उजाडलाच कसा? अनंत दिवस ओलांडून कुणी येऊ शकत नाही.

चौथी_मिती

या वाक्यात एक उगमबिंदू चोरून आत येतो. "ओलांडून येणे" म्हटलं की अनंत अंतरावर कुणीतरी निघाला असं चित्र उभं राहतं. अनादी भूतकाळात निघण्याची जागाच नाही. ऋण पूर्णांक घ्या: …, −३, −२, −१, ०. पहिली संख्या नाही, पण कोणतीही निवडा, तिथून शून्यापर्यंतचं अंतर सांतच आहे.

क्रेग याहून चांगलं उदाहरण देतात. अनादी काळापासून उलटी मोजणी करणारा आज शून्यावर पोचला. तो कालच का नाही पोचला? कालपर्यंतही अनंत दिवस झालेच होते. याचं उत्तर: "अनंत दिवस मिळाले" यावरून "मोजणी संपली" असं निघत नाही, कारण अनंत संचातून एक वजा केला तरी तो अनंतच राहतो. मोजणी आज का संपली याला त्या मालिकेच्या आत उत्तर नाही, हे खरं. पण "आज का, काल का नाही" हा लायबनित्सचा प्रश्न झाला. म्हणजे कलाम अडला की हळूच लायबनित्सकडून उसनं घेतो.

घटपट

यमदूतांचा युक्तिवाद इथे मांडायला हवा, कारण अनंत भूतकाळावरचा सध्याचा सर्वात ताकदवान हल्ला तो आहे. मूळ कल्पना बेनार्डेट यांची (१९६४), कारणसाखळीसाठी ती प्रस आणि कून्स या तत्त्वज्ञांनी वापरली.

रचना अशी. बारा वाजता माणूस जिवंत आहे. यमदूत क्रमांक १ बारा वाजून १ मिनिटाने येईल, क्रमांक २ अर्ध्या मिनिटाने, क्रमांक ३ पाव मिनिटाने, आणि असेच पुढे. प्रत्येकाला एकच आज्ञा: माणूस जिवंत दिसला तर मार, नाहीतर काही करू नकोस. बारा वाजून गेल्यावर माणूस कोणत्याही क्षणी जिवंत असू शकत नाही, कारण त्या क्षणाआधी अनंत यमदूत येऊन गेलेले असतात. पण त्याला मारले कुणी? क्रमांक ५ ने म्हणावे, तर त्याआधीच्या ६, ७, ८… यांना तो जिवंत दिसायलाच हवा होता. म्हणजे कुणीच मारले नाही आणि तरी तो मेला. हीच रचना मागे जाणाऱ्या वर्षांवर बसवता येते: दर वर्षी एक यमदूत. निष्कर्ष असा काढतात की कारणांची साखळी मागे अनंत असू शकत नाही.

हेत्वाभास

यात अनंताचा दोष नाही. "प्रत्येक जण आधी कुणी मारलं नसेल तरच आणि तेव्हाच मारतो" आणि "यादीत पहिला कुणी नाही" ही दोन विधानं एकत्र नांदूच शकत नाहीत. सरळ तार्किक विसंगती. विसंगत वर्णनाची वस्तू नसते, बस. त्यावरून प्रत्येक अनंत साखळी अशक्य ठरत नाही.

घटपट

मान्य करण्याजोगे, पण पुरेसे नाही. एक यमदूत शक्य आहे, दोन शक्य आहेत, प्रत्येकाला आपापल्या वेळी बसवणे शक्य आहे. मग सगळ्यांना एकत्र बसवण्यापासून अडवते कोण? अनंत भूतकाळ मानणाऱ्याला म्हणावे लागते की अडवणारे काही नाही, तरी ती मांडणी कधीच घडत नाही. प्रस म्हणतात, त्यापेक्षा साखळी सांत माना. हा वाद आजही चालू आहे आणि दोन्ही बाजूंना आपापली किंमत मोजावी लागते.

आपल्या शास्त्रकारांचा विवेक इथे कामाचा आहे. त्यांनी प्रत्येक अनवस्थेला (मागे न संपणाऱ्या साखळीला) दोष मानले नाही. बीज-अंकुराची अनवस्था प्रामाणिक: बीजाच्या आधी अंकुर, अंकुराच्या आधी बीज, आणि कुठल्याही एका बीजाचे स्पष्टीकरण त्याच्या लगेच आधीच्या अंकुराने पूर्ण होते. अनवस्था दोष ठरते ती प्रत्येक पायरीचे स्पष्टीकरण पुढच्या पायरीवर ढकलले जाते आणि कुठेच हाती लागत नाही तेव्हा. ब्रह्मसूत्रांतही (२.१.३५) 'आरंभी कर्मांत फरक कुठून आला' या शंकेचे उत्तर संसाराचे अनादित्व सांगूनच दिले आहे. मीमांसक तर सृष्टीचा आरंभ मानतच नाहीत. सांख्यसूत्र एका ओळीत थांबते: मूले मूलाभावादमूलं मूलम्. मुळाला मूळ नाही. पण ते अमूल मूळ म्हणजे त्यांच्या लेखी प्रकृती, म्हणजे जड मूलद्रव्य. कर्ता नव्हे, जाणीव असलेले काही नव्हे. आदिकारण मिळाले म्हणजे ईश्वर मिळाला, ही उडी सांख्यांनी घेतली नाही.

उत्तररात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). अ‍ॅक्वायनसच्या हात-काठीवाल्या साखळीबद्दल कुणीच बोललं नाही.

चौथी_मिती

थोडक्यात: त्याचं भौतिकशास्त्र जडत्वाच्या नियमाआधीचं आहे. गती टिकवायला सतत ढकलावं लागत नाही, बदलायला लागतं. समर्थक म्हणतात, मुद्दा गतीचा नाही, अस्तित्व टिकण्याचा आहे. मग उलट प्रश्न: अस्तित्वालाही स्वतःचं जडत्व का नसावं? वस्तू आहे तर ती राहील. नष्ट व्हायला कारण लागेल, टिकायला नाही. हे खोडायचं तर 'वस्तूचं अस्तित्व प्रत्येक क्षणी उसनं असतं' हे स्वतंत्रपणे दाखवावं लागतं, आणि सगळं ओझं त्या एका विधानावर येतं.

पूर्वपक्षी

म्हणजे उरला लायबनित्स. रसेल यांनी १९४८ च्या बीबीसीवरच्या चर्चेत धर्मगुरू-तत्त्वज्ञ कोपलस्टन यांना दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असते असं नाही. ते कलामला लागतं, लायबनित्सला जेमतेम. तो साखळीला 'जनक' मागत नाही, 'ही का, दुसरी का नाही' विचारतो.

खरा घाव तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवॅगन यांचा (१९८३). प्रत्येक सत्याला पुरेसं कारण असतं असं माना. आता जी जी सत्यं वेगळी असू शकली असती ती सगळी 'आणि' घालून एकत्र जोडा. त्याला म्हणू 'महावाक्य'. महावाक्याचं कारण 'क'. 'क' स्वतः वेगळं असू शकलं असतं, तर ते महावाक्यातच आलं, म्हणजे स्वतःचं कारण झालं. 'क' अटळ असेल आणि त्यातून महावाक्य अटळपणे निघत असेल, तर महावाक्यही अटळ झालं. म्हणजे वेगळं असू शकेल असं जगात काहीच उरलं नाही: तुमचा प्रतिसाद, त्यातला टंकनदोष, सगळं गणितासारखं अटळ. तत्त्व पूर्ण जोराने लावलं की ते स्वतःचा प्रश्नच गिळतं, कारण "दुसरं का नाही?" हे विचारायला 'दुसरं' शक्य तर हवं!

घटपट

प्रस यांचे उत्तर: कारण कार्याला समजावते, पण त्याला अटळ करत नाही. अटळ असलेला कर्ता मुक्त निवड करतो. निवड त्याच्या हेतूंनी कळते, तरी दुसरी होऊ शकली असती.

हेत्वाभास

हे मानलं तर एक गोष्ट आपोआप मिळते. अटळ न करता समजावणं चालत असेल, तर ईश्वराच्या निवडीलाच ती सवलत का? अटळ असा एखादा संभाव्यतेचा मूलभूत नियम घ्या. त्यातून हे विश्व निघू शकलं, दुसरंही निघू शकलं असतं. स्पष्टीकरणाचा दर्जा तोच, आणि जाणीव, इच्छा, हेतू यांची भर घालावी लागत नाही. नैय्यायिक एकच ईश्वर मानताना लाघवाचा (कमीत कमी गोष्टी गृहीत धरण्याचा) आधार घेतात ना, तो इथे माझ्या बाजूने वापरतो.

घटपट

तो नियम अटळ का, हे मात्र आपल्याला सांगावे लागेल. नियम वेगळे असू शकले असते असे बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ मानून चालतात.

हेत्वाभास

आणि ईश्वर अटळ का, हे तुम्हाला. तिथे मी थांबायला तयार आहे, तुम्ही थांबणार का?

उत्तररात्र

एक शंका. हार्टल-हॉकिंग यांच्या १९८३ च्या 'सीमारहित' प्रस्तावात काळ मागे जाताना अवकाशासारखा होतो आणि कडच राहत नाही म्हणतात. मग भूतकाळ सांत आहे की नाही? आणि पहिला क्षण नसेल तर कलामचं दुसरं विधान खरं की खोटं?

चौथी_मिती

त्या प्रतिमानात भूतकाळ सांत आहे, पण "इथे सुरू झालं" असं बोट ठेवण्यासारखा कडेचा बिंदू नाही. क्रेग म्हणतील, सांत असणं पुरेसं आहे, पहिला क्षण लागत नाही. त्यावर विचारायचं ते असं: 'आरंभ होणे' म्हणजे नुसतं भूतकाळाचं माप सांत असणं, की खरोखर नसण्यातून असण्यात येणं? दुसरं हवं असेल तर काळ खरोखर वाहतो, फक्त वर्तमानच अस्तित्वात असतो, हे आधी मानावं लागतं. क्रेग तसं उघडपणे मानतातही. सापेक्षतेत सर्वांसाठी एकच 'आत्ता' नसल्यामुळे त्यांना एक खास संदर्भचौकट नियमांत न दिसणारी, तरी खरी म्हणून धरावी लागते. प्रसरणशील विश्वात वैश्विक काळ असतो म्हणून ती सोय आहे असं ते सांगतात. पण तो काळ द्रव्याच्या सरासरी वाटणीवर आधारलेला आहे, आणि अगदी मागे, जिथे आपल्याला त्याची गरज आहे, तिथे तो टिकतो का हेच ठरलेलं नाही.